नळाला पाणी येतं, तसं ते मागंही जातं! खड्ड्यातली तोटी, टिल्लू मोटर आणि कुणीच न तपासलेला व्हॉल्व्ह

सातारा / सांगली : सकाळी गावात पाणी सुटलं की पहिल्या पाच मिनिटांत गावठाणातल्या निम्म्या घरांतून मोटरींचा आवाज सुरू होतो. ज्याची मोटर मोठी त्याचा बॅरल आधी भरतो. ज्याच्याकडं मोटर नाही, त्याच्या तोटीतून पाण्याऐवजी नुसता सूंऽऽ असा आवाज येतो. हा आवाज सातारा-सांगलीतल्या बहुतेक वाड्या-वस्त्यांना ओळखीचा आहे. "हवा येतीया" म्हणून बायका तोटी बंद करतात आणि कळशी घेऊन शेजारी जातात.

पण खरी गोष्ट अशी की त्या वेळी हवा येत नसते, जात असते. शेजारच्या मोटरीनं ओढल्यामुळं तुमच्या तोटीतून हवा आत लाइनमध्ये खेचली जाते. तोटीच्या तोंडाखाली बादलीतलं पाणी असेल तर ते पाणी आत जाईल. तोटीला लावलेली नळी फवारणीच्या बॅरलमध्ये बुडालेली असेल तर औषध आत जाईल. आणि थोड्या वेळानं तेच पाणी चार घरं सोडून कुणाच्या तरी माठात पडेल.

याला इंजिनिअर लोकांत बॅकफ्लो म्हणतात, आपण साध्या भाषेत उलटं पाणी म्हणू. अमेरिकेत आणि आणखी काही देशांत ज्या इमारतीत असा धोका आहे, तिथं मालकाला नळजोडणीवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. बऱ्याच ठिकाणी दर वर्षी परवानाधारक माणसाकडून तो तपासून त्याचा दाखला पाणीपुरवठा खात्याला द्यावा लागतो. दाखला नाही दिला तर पाणी तोडतात. आपल्याकडं ग्रामीण भागात असली तपासणी कुणी करत नाही, दाखला कुणी मागत नाही. त्यामुळं हा प्रश्न आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

शेतकऱ्याला हे नवीन नाही

गंमत म्हणजे हा विषय शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. विहिरीवरच्या मोटरीला फूट व्हॉल्व्ह का लागतो हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. फूट व्हॉल्व्हमध्ये काडी अडकली की मोटर बंद केल्याबरोबर पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं आणि दुसऱ्या दिवशी पाणी ओतत बसावं लागतं. कृष्णाकाठच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थांत ज्यांनी काम केलंय त्यांना रिफ्लक्स व्हॉल्व्ह माहीत आहे. वीज गेली आणि व्हॉल्व्हची झडप नीट बसली नाही, तर डोंगरावर चढवलेलं सगळं पाणी उतारानं मागं येतं आणि पंप उलटा फिरतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांच्या पंपगृहांतही पाणी मागं फिरू नये म्हणूनच असे मोठाले व्हॉल्व्ह असतात.

ठिबकचं कोटेशन काढून बघा. फिल्टर, व्हेंचुरी, एअर व्हॉल्व्ह यांच्या जोडीला एनआरव्ही लिहिलेला असतो, म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. तो कशासाठी? व्हेंचुरीतून सोडलेलं खत, मोटर बंद पडल्यावर उलटं जाऊन विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरू नये म्हणून. अनुदान मिळायच्या आधी संच जागेवर आहे का याची मोका तपासणी होते. म्हणजे उसाच्या आणि द्राक्षाच्या पाण्यासाठी आपण एनआरव्ही बसवतो. आणि पोरंबाळं जे पाणी पितात त्या नळाला मात्र तो नसतो.

पाणी उलटं जातं कसं?

लाइनमध्ये दाब असेल तोवर पाणी आतून बाहेर येतं. पाइप फुटला तरी पाणी बाहेरच पडतं, घाण आत जात नाही. दाब गेला की सगळं उलट होतं. आणि आपल्याकडं दाब रोजच जातो, कारण पाणी रोज तासभर, कुठं दिवसाआड, तर दुष्काळी भागात उन्हाळ्यात आठवड्यातून एकदाच सुटतं. उरलेला सगळा वेळ पाइप अर्धा रिकामा पडून असतो. त्याच्या शेजारून गटार वाहत असतं. जुन्या जोडणीतून, फेरूलच्या फटीतून जे काही बाहेर आहे ते हळूहळू आत झिरपतं.

दुसरं कारण उतार. पाटण, जावळीसारख्या डोंगरी भागात किंवा कुठल्याही चढ-उताराच्या गावठाणात वरची आळी आणि खालची आळी एकाच लाइनवर असते. टाकीचा व्हॉल्व्ह बंद झाला की पाइपात राहिलेलं पाणी खालच्या आळीकडं पळतं. पळताना ते वरच्या आळीच्या तोट्यांतून हवा किंवा जे काही तोंडाशी असेल ते ओढून घेतं. कॅनमधून रॉकेल काढताना आपण नळी तोंडानं ओढायचो, तेच तंत्र.

तिसरं कारण मोटर. थेट लाइनला मोटर लावली की पाइपातला दाब शून्याच्याही खाली जातो. यात मोटर लावणाऱ्याचं काही बिघडत नाही असं वाटतं, पण सगळ्या लाइनीवरच्या फटीतली घाण ओढली जाते ती त्याच्याच बॅरलकडं. शेजाऱ्याचं पाणी पळवणारा शेजाऱ्याच्या गटाराचं पाणीही पळवत असतो. हे एकदा गावसभेत कुणीतरी मोठ्यानं सांगायला पाहिजे.

सगळ्यात धोक्याचा: खड्ड्यातला नळ

दाब कमी म्हणून पाणी वर चढत नाही, आणि वर चढत नाही म्हणून लोक खाली उतरतात. दारात दोन-तीन फूट खड्डा खणायचा, जमिनीखालीच पाइप कापायचा आणि तिथं तोटी बसवायची. तोटीही बऱ्याच वेळा नसते, नुसतं उघडं तोंड असतं. कळशी खड्ड्यात ठेवून भरायची. हा खड्डा ना धड झाकलेला असतो ना कोरडा. सांडलेलं पाणी त्यातच साचतं, भांडी घासलेलं पाणी त्यातच जातं, पावसाळ्यात अंगणातलं सगळं पाणी त्यातच उतरतं. गोठा शेजारी असेल तर पुढचं सांगायला नको.

पाणी बंद झाल्यावर लाइन रिकामी होते आणि पाइपाचं तोंड असतं बरोब्बर त्या साचलेल्या पाण्याच्या खाली. खड्ड्यातलं पाणी लाइनमध्ये जातं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिल्या धारेला गढूळ पाणी येतं आणि लोक म्हणतात, "टाकी धुतली नाही वाटतं ग्रामपंचायतीनं." टाकी धुतलेली असते. टीसीएल पण टाकलेलं असतं. घाण टाकीच्या नंतर आत शिरलेली असते.

याची परीक्षा घरच्या घरी करता येते. पाणी बंद व्हायच्या वेळेला तोटी उघडी ठेवून तिच्या तोंडाला पाण्यानं भरलेला पेला लावा, असा की तोटीचं तोंड पेल्यातल्या पाण्यात बुडेल. पेल्यातलं पाणी कमी होत गेलं तर तुमच्या नळातून पाणी मागं जातंय. मात्र पेला आणि पाणी दोन्ही स्वच्छ घ्या, कारण ते पाणी पिण्याच्या लाइनीतच जाणार आहे.

साथी कुठून येतात

नोव्हेंबर 2014 मध्ये मिरजेत गॅस्ट्रोची मोठी साथ आली होती. माणसं दगावली, दवाखाने भरून गेले. जुन्या जलवाहिन्या आणि त्यात मिसळणारं ड्रेनेजचं पाणी हाच विषय तेव्हा चर्चेत होता. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. पुणे परिसरात रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. हातापायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो असा तो आजार. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित अन्न-पाण्यातून येणारा जिवाणू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष विहिरी, टँकर, आरओ प्लांटकडं गेलं. ही गावं पुणे महापालिकेत नव्यानं आलेली, म्हणजे कालपर्यंत आपल्यासारखीच.

परदेशात तर थेट उलट्या पाण्याचीच उदाहरणं आहेत. 1933 मध्ये शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या दोन हॉटेलांत सांडपाण्याचे आणि पिण्याच्या पाण्याचे पाइप सदोष जोडले गेले होते. त्यातून आमांशाची साथ पसरली, सुमारे 1400 जण आजारी पडले आणि शंभराच्या आसपास माणसं गेली. तिकडचे नियम कडक व्हायला अशा घटना कारण झाल्या. नोकिया मोबाइल आपल्या सगळ्यांच्या खिशात होता. त्या कंपनीचं नाव ज्या फिनलंडमधल्या गावावरून पडलं, त्या नोकियात नोव्हेंबर 2007 मध्ये सांडपाणी प्रकल्पातलं पाणी आणि पिण्याची लाइन यांना जोडणारा एक व्हॉल्व्ह उघडला गेला. आठ हजारांवर लोक आजारी पडले. श्रीमंत देश, स्वच्छ गाव, आणि एकच व्हॉल्व्ह.

आपल्या भागात यात महापुराची भर आहे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती. धोका पातळी 45 फूट. 2021 च्या जुलैतही पाणी धोक्याच्या बरंच वर होतं. पुरात जॅकवेल बुडते, मोटर बंद पडते, म्हणजे लाइनमध्ये दाब नसतो. आणि तीच लाइन चार-पाच दिवस गटार, उकिरडा, मेलेली जनावरं मिसळलेल्या पाण्याखाली असते. पूर ओसरल्यावर घरं धुतली जातात, विहिरींचा उपसा होतो. घरातल्या जोडणीचा पाइप मात्र कुणी धुवत नाही.

तपासणी होते, पण दारापर्यंतच

आपल्याकडं काहीच होत नाही असं म्हणणं चूक ठरेल. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, गावातल्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. जलसुरक्षक आहेत. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना फील्ड टेस्ट किटवर पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं ठरलं आहे. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 नुसार, शेवटच्या तोटीला लिटरमागं किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू सापडता कामा नये.

मग गळती कुठं आहे? नमुना घेताना तोटी आधी दोन-तीन मिनिटं वाहू देतात आणि मग बाटली भरतात. पद्धत म्हणून ते बरोबर आहे. पण रात्रभर लाइनमध्ये शिरलेली घाण पहिल्या धारेलाच निघून जाते, आणि पहिली धार ज्या घरात पडते त्या घराचा नमुना कुणी घेत नाही. शिवाय कार्ड मिळतं ते ग्रामपंचायतीला. उंबऱ्याच्या आत काय जोडलंय हा मालकाचा प्रश्न मानला जातो आणि मालकाला कुणी विचारत नाही. फेरूलपासून पुढची पंधरा-वीस फूट पाइप अशी कुणाच्याच वहीत नसते.

नळजोडणी घेताना मोटर लावणार नाही असं अनेक ग्रामपंचायती लिहून घेतात. उन्हाळ्यात ओरड झाली की दोन दिवस मोटरी जप्त करायची मोहीम निघते. तिसऱ्या दिवशी मोटर परत, कारण सदस्याच्या भावकीतच चार मोटरी असतात. निवडणूक तोंडावर असली तर मोहीमही निघत नाही. एक गोष्ट मात्र मोटरवाल्यांच्या बाजूनंही मांडली पाहिजे. त्यातले निम्मे लोक हौसेनं मोटर लावत नाहीत. शेजाऱ्यानं लावली म्हणून, टाकीपासून घर लांब म्हणून, चार इंचाच्या जागी दोन इंची पाइप टाकला म्हणून, असल्या कारणांनी लावतात. दाब दिला नाही तर मोटर जाणार नाही आणि खड्डाही बुजणार नाही.

15 ऑगस्ट 2019 ला जलजीवन मिशन जाहीर झालं तेव्हा माणशी रोज 55 लिटर पाणी घरात नळानं द्यायचं ठरलं. मुदत आता 2028 पर्यंत वाढवली आहे. ठेकेदारांची बिलं थकल्यानं राज्यात अनेक गावांची कामं अर्धवट पडली. अशा ठिकाणी नवी लाइन आणि जुनी लाइन दोन्ही जमिनीत आहेत आणि मध्येच कुठंतरी जोडलेल्या आहेत. कुठली चालू, कुठली बंद, हे पाणी सोडणाऱ्या शिपायाच्या डोक्यात असतं, कागदावर नसतं. जुनी बंद लाइन दोन्ही बाजूंनी कापून बूच मारलेली आहे का, हे बिल काढायच्या आधी विचारायला हवं.

मोठे मालक कोण?

साध्या घरापेक्षा जास्त धोका जिथं पाणी दोन ठिकाणांहून येतं तिथं. पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे ढाबे आणि लॉज, मंगल कार्यालयं, वॉशिंग सेंटर, भाड्याच्या खोल्यांच्या चाळी. इथं बोअर पण असतो आणि ग्रामपंचायतीचा नळ पण. सोय म्हणून दोन्ही एकाच पाइपात जोडतात आणि मध्ये एक साधा व्हॉल्व्ह ठेवतात. बोअरच्या मोटरीचा दाब नळाच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त. तो व्हॉल्व्ह उघडा राहिला किंवा झिजला, की बोअरचं पाणी गावाच्या लाइनमध्ये ढकललं जातं. बोअर संडासाच्या शोषखड्ड्याजवळ असेल तर काय जाईल, हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

द्राक्षपट्ट्यात, म्हणजे तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, खानापूर भागात, ब्लोअरची टाकी नळावरून भरायची सवय आहे. नळी टाकीत सोडली, औषध ओतलं, ढवळलं, आणि तेवढ्यात पाणी गेलं. नळीचं तोंड औषधाच्या पाण्यात आणि नळ उघडा. गॅस्ट्रोच्या जंतूंना क्लोरीन तरी मारतं, कीटकनाशकाला क्लोरीनचा काही उपयोग नाही. जनावरांच्या गोचीड-औषधाच्या बादलीचंही तसंच.

काय करता येतं

सगळ्यात भरवशाचा उपाय फुकटचा आहे: अंतर. तोटीचं तोंड बॅरलच्या किंवा टाकीच्या काठापेक्षा निदान दोन बोटं वर पाहिजे, म्हणजे साधारण एक इंच. पाणी हवेतून पडलं पाहिजे. मध्ये हवा असली की पाणी उलटं चढूच शकत नाही, तिथं ना व्हॉल्व्ह बिघडायचा प्रश्न ना तपासणीचा. हौदात खालून पाइप घेतला असेल तर तो वरून घ्या. टाकीतला बॉल कॉक पाण्यात बुडत असेल तर ओव्हरफ्लोचं भोक त्याच्या खाली आणा. ब्लोअरची टाकी भरताना नळी आत न सोडता काठाच्या वर बांधा.

जिथं अंतर ठेवता येत नाही तिथं मीटरच्या किंवा मुख्य कॉकच्या पुढं पितळी एनआरव्ही बसवा. अर्ध्या इंचाचा काही शे रुपयांत मिळतो. बसवताना त्याच्यावरचा बाण घराच्या दिशेनं आहे ना हे बघा, उलटा बसवला तर पाणीच येणार नाही. पण बसवला आणि विसरला असं चालत नाही. फूट व्हॉल्व्हमध्ये काडी अडकते तशी यातही वाळू, गाळ, गंज अडकतो आणि झडप अर्धी उघडी राहते. म्हणून एनआरव्हीच्या अलीकडं, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, एक छोटी तोटी ठेवा. गावचं पाणी बंद असताना आणि घरची टाकी भरलेली असताना ती उघडा. पाइपात राहिलेलं थोडं पाणी येऊन थांबलं तर एनआरव्ही ठीक. धार चालूच राहिली तर घरचं पाणी मागं येतंय, खोलून साफ करा. तोटी बुडेल असा खड्डा मात्र तिथं करू नका. दिवाळीच्या साफसफाईत आणि पावसाळ्याच्या आधी, असं वर्षातून दोनदा केलं तर कुठल्या परवानाधारक माणसाची गरज पडणार नाही. बोअर आणि नळ एकाच पाइपात असतील तर मात्र एनआरव्हीवर विसंबू नका. दोन्ही पाइप वेगळे करा आणि दोन्ही टाकीत वरून सोडा.

ग्रामपंचायतीच्या बाजूनं बघायचं तर पैसा हे पूर्ण कारण नाही. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. त्यातून खड्डा-नळ वर उचलून सिमेंटचा ओटा करून देणं अवघड नव्हतं. शंभर-दोनशे घरांच्या वाडीत असे नळ किती आहेत हे मोजायला एक शिपाई आणि एक दिवस पुरतो. सर्वेक्षणाच्या वेळीच ही मोजणी होऊ शकते.

कराडला लागून असलेल्या मलकापूरनं हा प्रश्न वेगळ्या बाजूनं सोडवला. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीनं तिथं चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला. नव्या एचडीपीई लाइनी टाकल्या, प्रत्येक घराला मीटर बसवला, जास्त वापराला जास्त दर अशी टप्प्याची पाणीपट्टी लावली. सुरुवातीला मीटरला विरोध होतोच, तसा तो सगळीकडं होतो. पण चोवीस तास दाब राहिला की मोटर लावायचं कारण उरत नाही, पाणी साठवायचं कारण उरत नाही, खड्डा खणायचं तर नाहीच. पाइपाला बारीक भोक पडलं तरी पाणी बाहेर येतं, गटार आत जात नाही.

असं गाव साताऱ्यातच, हायवेला लागून आहे. नळाला मीटर बसवायचा विषय ग्रामसभेत आला की पहिला आवाज "पाण्याला कसले पैसे?" असा येतो. पुढच्या ग्रामसभेत तो आला, तर विरोध करणाऱ्यांनी एकदा मलकापूरला जाऊन तिथल्या तोटीला पेला लावून बघावा, आणि आल्यावर आपल्या दारातल्या तोटीलाही.